खोड्यांचं मीठ

काय गं, आज आंघोळीच्या बादलीत बाबांची चप्पल कुणी टाकली?

तू नाही? मग दादानं टाकली? तोही नाही म्हणतो. बरं, म्हणजे चप्पल आपली आपण चालत गेली, पाय भिजवायला. असू दे, असू दे. मी कुठं रागावतेय! मला त्या चपलेवरून हौशी आठवली. हौशी कोण म्हणून विचारता? सांगते की. आधी पाय पांघरुणात घ्या. तू जरा इकडं सरक. हं, आता कसं.

तर खाडीच्या काठाला एक गाव होतं. गाव मिठाचं होतं, बरं का. आपल्याकडे भाताचे वाफे असतात ना, तसे तिथं पाण्याचे वाफे. भरती आली की बांधातलं लाकडी दार उघडायचं आणि खारं पाणी आत घ्यायचं. मग दार लावायचं आणि पाणी उन्हात नुसतं ठेवायचं. ऊन पाणी पिऊन टाकतं, मीठ मागं राहतं. पांढरंशुभ्र, चमचम करणारं.

त्या गावात पोशा नावाचा मिठागरी राहायचा. त्याची बायको सगुणा. त्याची आई बामीबाय. आणि या तिघांना पुरून उरेल अशी एक हौशी.

हौशी केवढी होती? तर दाराच्या कडीला तिचा हात पुरत नव्हता. पण पाटावर डबा ठेवला आणि डब्यावर चढली, की पुरत होता. एवढी होती.

सकाळी डोळे उघडले की तिचं काम सुरू. कोंबडीला उचलायचं आणि तांदळाच्या टोपलीत बसवायचं. पेटीची किल्ली लोणच्याच्या बरणीत बुडवायची. आजीची माळ शेळीच्या गळ्यात घालायची, आणि शेळीनं माळ चघळली की टाळ्या पिटायच्या. आंघोळ झाली की उघडीच बांधावरून पळत सुटायची. पुढं हौशी, मागं झबलं घेऊन सगुणा, आणि सगुणेच्या मागं गावातली कुत्री.

आणि जेवण? जेवणाचं तर विचारूच नका.

एक दिवस सगुणेनं तिला गरम भाकरी दिली. हाताला चटका बसू नये म्हणून मधोमध मोडून दिली. झालं! हौशीनं भोकाड पसरलं.

"मोल्ली! भाकली मोल्ली!"

"अगं बाय माझे, दुसरी देते."

"नाय! हीच! जोल!"

"मोडलेली भाकरी कशी जोडू गो मी?"

"जोल!"

मग सगुणेनं काय करावं? भाकरीच्या दोन्ही तुकड्यांना लोणी लावलं आणि ते एकमेकांना चिकटवले. हौशीनं भाकरी हातात घेतली. वरून पाहिली, खालून पाहिली. मधली भेग दिसली. आणि पुन्हा भोकाड.

हे सगळं बघून पोशा म्हणाला, "एक पोर सांभाळता येत नाही तुला? मी तर अख्खं मिठागर सांभाळतो."

"मग आज तुम्हीच बघा," सगुणा म्हणाली. तिनं हंडा उचलला आणि निघाली पाण्याला.

परत येते तो काय, घराला बाहेरून कडी. दारापाशी पाट, पाटावर डबा, डब्यावर हौशी. आणि आतून पोशाचा आवाज.

"बाय माझी, सोनं माझं, कडी काढ."

"नाय."

"गूळ देईन."

"दे."

"आधी कडी काढ."

"आधी दे."

"अगो, दार बंद आहे तर गूळ देऊ कुठून!"

सगुणेनं हंडा खाली ठेवला आणि ती दारातच हसत बसली. कडी काढायची तिला घाई नव्हती, बरं का.

पण रोज रोज कुठून हसू येणार? तिची कंबर दुखायची. भात करपायचा. केस विंचरायला वेळ मिळायचा नाही. बामीबाय तर उठता बसता म्हणायची, "माझा पोशा असा नव्हता हो. बसवला तिथं बसायचा."

"अजूनही बसतात तिथंच," सगुणा हळूच म्हणायची.

"काय म्हणालीस?"

"काही नाही, आत्याबाई."

मग एका संध्याकाळी बामीबाय म्हणाली, "सगुणे, पोरीला दृष्ट लागलीय. मीठमोहऱ्या उतरवून टाक."

सगुणेनं मुठीत मीठ घेतलं, मोहऱ्या घेतल्या. हौशीला पाटावर बसवलं. म्हणजे बसवलं, उठली, बसवलं, उठली, शेवटी बामीबायनं धरून ठेवलं. सगुणा तिच्या डोक्यापासून पायापर्यंत मूठ उतरवू लागली. म्हणायचं कसं असतं, ठाऊक आहे ना? आल्यागेल्याची, शेजारच्यापाजारच्यांची, सगळ्यांची दृष्ट निघून जाऊ दे. असं म्हणायचं.

पण सगुणा होती दमलेली. दिवसभर पळून पळून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "आल्यागेल्याची, शेजारच्यापाजारच्यांची... आणि हिच्या सगळ्या खोड्या निघून जाऊ देत!"

बामीबायला ऐकू कमी येत होतं. तिच्या काही लक्षात आलं नाही.

आता हे मीठ चुलीत टाकायचं असतं. तडतड वाजलं की दृष्ट जळाली. पण सगुणा चुलीपाशी गेली तर चूल विझलेली. हौशीनं मघाशीच त्यात तांब्याभर पाणी ओतलं होतं. आता काय करायचं? मिठाचं गाव ते, तिथं मीठ मातीत टाकत नसत. सगुणा दाराबाहेर आली आणि तिनं मूठ समोरच्या वाफ्यात सोडली. मोहऱ्या तरंगत गेल्या. मीठ विरघळलं.

आणि घरात एकदम शांतता झाली.

सगुणा आत आली. बामीबायनं हात सोडला होता, तरी हौशी पाटावर बसलेली. मांडी घालून, हात मांडीवर ठेवून.

दुसऱ्या दिवशी तर गंमतच झाली. "हौशी, आंघोळ," म्हटलं, केली आंघोळ. "हौशी, घाल झबलं," म्हटलं, घातलं. भाकरी मोडून दिली, तीही खाल्ली. सगुणेला आधी खरंच वाटेना. तिनं केस विंचरले. वेणी घातली. वेणीत अबोलीची फुलं माळली. भात असा मोकळा शिजवला की दाणा दाण्याला चिकटला नाही. मग दुपारी अंग टाकलं आणि चक्क घोरली.

शेजारणी बघायला आल्या. "पोर आहे की पाटावरची गौर!" म्हणाल्या. एक जण तर आपल्या मुलाचा कान धरून घेऊन आली. "बघ, बघ, शीक जरा." तो बिचारा शिकला नाही. जाता जाता त्यानं सगुणेच्या दारातल्या पायरीवरची पणती खिशात घातली.

सगुणा खूश, पोशा खूश, बामीबाय तर सगळ्या गावाला सांगत सुटली, "माझ्याच सांगण्यावरून उतरवलं."

असे काही दिवस गेले.

मग एक दिवस सगुणा बांधावर काम करत होती. हौशीला तिनं सावलीत बसवलं होतं. सगुणेनं सहज वळून पाहिलं, तर एक खेकडा हौशीच्या पायावर चढला होता. चांगला नांग्या उगारलेला. आणि हौशी नुसती बघत होती. पाय हलवला नाही, "आये" म्हणून हाक मारली नाही, की त्याची नांगी धरायला हात पुढं केला नाही. सगुणा धावत गेली आणि खेकडा झटकला.

"हाक का नाही मारलीस गो?"

हौशी खेकडा गेला तिकडं नुसती बघत राहिली.

मग सगुणेच्या एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. आधी हौशी दिवसभर "हे काय? हे काय?" विचारायची. विचारून विचारून रोज एक नवा शब्द शिकायची. आता कितीतरी दिवसांत तिनं एकही नवा शब्द उचलला नव्हता. होते तेसुद्धा हळूहळू गळत चालले होते. पोशा घरी आला की ती धावत जाऊन त्याचं मुंडासं ओढायची. आता तो दारात उभा राहायचा, मुद्दाम मान खाली वाकवायचा, तरी ती पाटावरून उठायची नाही. हसणं तर कधीच थांबलं होतं. सांगितलं तर जेवायची, नाही सांगितलं तर उपाशी बसून राहायची.

पोशा म्हणाला, "सगुणा, आपली पोर गेली कुठं?"

सगुणेनं तोंडाला पदर लावला. "मी टाकली," ती म्हणाली. "तिच्या खोड्या मी टाकून दिल्या. मला काय ठाऊक, पोरगी त्यांच्याबरोबरच निघून जाईल!"

आणि ती धावली समोरच्या वाफ्याकडे. पण वाफा कोरडा होता. मीठ काढून नेलं होतं.

कुणी? अहो, पोशानंच. त्याचं काय झालं होतं, ऐका.

त्या गावाची एक रीत होती. हंगामाचं पहिलं ओंजळभर मीठ राजाकडे पाठवायचं. सगळ्यात चमकदार असेल ते. राजा, प्रधान आणि सेनापती एका पंगतीत बसायचे आणि ते ओंजळभर मीठ तिघांत वाटून खायचे. का? तर उन्हात उभं राहून आपल्यासाठी कोण राबतं, ते विसरू नये म्हणून.

त्या वर्षी सगुणेच्या दारातल्या छोट्या वाफ्यात मीठ निघालं ओंजळभरच, पण ते सगळ्यात चमकत होतं. पोशानं ओंजळ भरली आणि पानाच्या द्रोणात ठेवली. तर मीठ द्रोणात राहीना! टुणटुण उड्या मारून बाहेर यायचं. एक खडा तर पोशाच्या कानात शिरला. पोशाला वाटलं वारा आहे. त्यानं वर दुसरा द्रोण घातला, दोरीनं करकचून बांधलं आणि दिलं होडीवाल्या राघोकडे. राघोनं ते खाडीपलीकडं राजवाड्यात पोचवलं.

मग पंगत बसली. राजानं मीठ खाल्लं. प्रधानानं खाल्लं. सेनापतीनं खाल्लं.

आणि राजवाड्यात जो काही गोंधळ सुरू झाला, बाई गं बाई!

हे सगळं सगुणेला कसं कळलं? तर ती त्या कोरड्या वाफ्यात उभी होती, तेवढ्यात राघोची होडी काठाला लागली. राघो लांबूनच ओरडत आला.

"अहो, ऐकलंत का? राजाला वेड लागलं! आंघोळ झाली की उघडाच पळतो सज्ज्यावरून. मागं नोकर धोतर घेऊन! खजिन्याची किल्ली लोणच्यात सापडली. आणि परवा राणीनं केळं सोलून दिलं तर जमिनीवर लोळला. म्हणतो, सालीत परत घाल!"

पोशा "अरेरे" म्हणाला. बामीबाय "शिव शिव" म्हणाली. पण सगुणेचे डोळे चमकले.

"लोणच्यात किल्ली?" ती म्हणाली. "राघोभाऊ, होडी फिरवा."

"राजवाड्यात जाऊन तू काय करणार गो?" बामीबायनं विचारलं.

"आत्याबाई, राजाकडे माझ्या लेकीचं सामान आहे. ते आणायला जाते."

तिनं हौशीला कमरेवर घेतलं आणि होडीत बसली.

राजवाड्याच्या दारात राणी उभी होती. बिचारीच्या अंबाड्यात कुणीतरी खीर ओतली होती. दरबाराचे वैद्य कोपऱ्यात बसले होते, आणि त्यांच्या दाढीला रंगीत गाठी मारलेल्या. राणीला मूल नव्हतं, त्यामुळे हे काय चाललंय ते तिला कळेना.

"कोण गं तू?"

"मी मिठागराची सगुणा. ती ओंजळ आमच्या वाफ्यातली." आणि तिनं खरं ते सगळं सांगून टाकलं.

राणी म्हणाली, "पण खाल्लेलं मीठ परत कसं यायचं?"

वैद्य म्हणाले, "नाही यायचं."

"ते मलाही ठाऊक नाही," सगुणा म्हणाली. "आधी मला महाराजांना बघू द्या. त्यांनी आंघोळ कधी केलीय? जेवले कधी?"

राणी रडकुंडीला आली. "ऐकतच नाहीत. आज दहा नोकरांनी धरलं तरी आंघोळ नाही."

राजा खांबाला मिठी मारून बसला होता. एका पायात जोडा, दुसरा पाय मोकळा. मिशीला मध. सगुणेला बघितल्याबरोबर ओरडला, "आंघोळ नाय!"

"नकोच," सगुणा म्हणाली. "तुम्हाला कोण म्हणतंय? आज या घंगाळाला आंघोळ घालायचीय. किती मळलंय बाई! प्रधानजींना सांगते घालायला."

"मी घालणार!" राजा म्हणाला. "मीच!"

मग राजानं घंगाळावर पाणी ओतलं. घंगाळावर चार तांबे, स्वतःवर चाळीस. नोकर तोंडात बोट घालून बघत राहिले.

मग जेवण. सगुणेनं वरणभात कालवला. "हा घास कुणाचा?"

"नाय!"

"तुम्हाला नाही देत हो. हा घास डाव्या मिशीचा. बिचारी सकाळपासून उपाशी आहे." घास गेला. "आता उजवी मिशी रुसली बघा. म्हणते, मला का नाही?" तोही गेला. दोन्ही मिश्यांनी मिळून ताट साफ केलं.

राजाचं पोट भरलं. आता त्याला खेळायचं होतं. सगुणेनं पदर तोंडावर घेतला. "महाराज कुठं गेले? गेले वाटतं शिकारीला!" आणि पदर बाजूला केला. "बुवाऽऽ कुक!"

राजा खुदकन हसला. "पुन्ना!"

"बुवाऽऽ कुक!"

"पुन्ना!"

राजा असा हसायला लागला, असा हसायला लागला, की पोट धरून गडगडा लोळला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. हौशी शेजारीच बसली होती, गप्प. राजाच्या डोळ्यातला एक थेंब उडाला आणि नेमका तिच्या ओठावर पडला.

डोळ्यातलं पाणी कसं असतं? हं, बरोबर. खारट!

हौशीनं ओठ चाटला. तिचं एक बोट हललं. मग हात हलला. मग तिनं पुढं वाकून राजाची डावी मिशी धरली आणि ओढली. चांगली जोरात!

"आई गं!" राजा उठून बसला. त्यानं इकडं तिकडं पाहिलं. "आमचं धोतर कुठं आहे?" त्यानं विचारलं. अगदी शहाण्या माणसासारखं.

सगुणेनं हौशीला घट्ट धरलं. तिला कळलं. मीठ कुठून बाहेर येतं, ते तिला कळलं.

"प्रधानजी कुठं आहेत?" तिनं विचारलं.

प्रधानजी सिंहासनाखाली लपले होते. डोकं आत, आणि बाकी सगळा देह बाहेर. डोळे घट्ट मिटलेले. त्यांना वाटत होतं, आपण कुणालाच दिसत नाही. सगुणा खोटं खोटं शोधायला लागली. "प्रधानजी या तांब्यात आहेत का? नाहीत बाई. या समईत आहेत का? नाहीत. वैद्यबुवांच्या दाढीत आहेत का?" सिंहासनाखालून खुसखुस ऐकू यायला लागली. "दाढीतही नाहीत! म्हणजे त्यांना मांजरानं खाल्लं!" मग तर प्रधानजी असे हसले की सिंहासन हलायला लागलं. डोळ्यांतून धारा. सगुणेनं बोटानं एक थेंब टिपला आणि हौशीच्या ओठाला लावला.

हौशी म्हणाली, "आये."

सगुणेचेच डोळे भरून आले. पण थांबायला वेळ कुठं होता? प्रधानजी पगडी झटकत उठले, आणि सगुणा सेनापतीकडं वळली.

सेनापती होता भला दांडगा. अंगणात पालथा पडून हातपाय आपटत होता. का? तर त्याला चंद्र हवा होता, आणि तोही भाल्यावर लावून. दिवसाढवळ्या! रडून रडून चेहरा लाल झालेला. सगुणेनं त्याच्या गालावरचा एक थेंब घेतला आणि हौशीच्या ओठाला लावून पाहिला. काही झालं नाही. तो रडण्याचा थेंब होता ना. हसण्याचाच लागत होता.

सगुणेनं बुवा कुक करून पाहिलं. सेनापतीनं लाथ झाडली. घास भरवून पाहिला. थुंकून टाकला. मांजर, कावळा, चिमणी, सगळं करून झालं. सेनापती आणखीच मोठ्यानं रडायला लागला. सगुणा हौशीला मांडीवर घेऊन खाली बसली. आता काय करायचं? दोन वाटे मिळाले, पण तिसरा नाही मिळाला तर? अर्धीमुर्धी लेक घेऊन घरी जायचं?

तेवढ्यात तिच्या मांडीवरून हौशी घसरली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, बरं का. आपली आपण उतरली! तुरुतुरु सेनापतीपाशी गेली. त्याचं लोखंडी शिरस्त्राण बाजूला पडलं होतं, ते उचललं आणि डोक्यावर घातलं. ते खांद्यापर्यंत खाली आलं. आतून हौशीला काही दिसेना. ती तशीच चालायला लागली. गेली आणि खांबाला धडकली. ठण्ण! वळली, भिंतीला धडकली. ठण्ण! पुन्हा वळली आणि सरळ जाऊन सेनापतीच्या ढुंगणावर आपटली. ठण्ण!

सेनापती रडायचा थांबला. त्यानं मान वळवली.

शिरस्त्राणातून आवाज आला, "हे काय?"

सेनापतीला असं हसू फुटलं, असं हसू फुटलं, की त्याच्या चिलखताच्या कड्या एकेक करून तुटल्या. डोळ्यांतून टपाटपा पाणी. सगुणेनं धावत जाऊन थेंब टिपला आणि शिरस्त्राण उचलून लेकीच्या ओठाला लावला.

हौशी हसली. खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी.

मग ती पळाली. थेट राजाकडे गेली, त्याच्या मांडीवर चढली, डोक्यावरचा मुकुट ओढला आणि खिडकीतून खाली टाकला. खाली हत्तीचा हौद होता. डुबुक!

सगुणा हात जोडून पुढं धावली. कारण राजा आता शहाणा झाला होता, आणि शहाण्या राजाचा मुकुट पाण्यात टाकणं म्हणजे काही साधी गोष्ट नाही.

"महाराज, लेकरू आहे," ती म्हणाली. "चुकलं. माझं चुकलं."

राजा खिडकीपाशी गेला. वाकून हौदात पाहिलं. हत्तीनं मुकुट सोंडेवर घेतला होता आणि गोल गोल फिरवत होता. राजानं कितीतरी वेळ पाहिलं. मग म्हणाला, "सगुणाबाई, इथून टाकला की डुबुक असा आवाज येतो, हे आम्हाला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही!"

मग सगळे हसले. राणी तर सगळ्यात जास्त हसली. ती म्हणाली, "सगुणे, काय हवं ते माग. सोनं माग, जमीन माग, हत्ती माग."

हौशी म्हणाली, "हत्ती!"

"हत्ती नको," सगुणा घाईघाईनं म्हणाली. मग ती थोडी लाजली. "बाईसाहेब, द्यायचंच असेल तर मला एक दुपार झोपू द्या. हिच्या खोड्या मला हव्यात. सगळ्या हव्यात, एकही कमी नको. पण मी दमते हो. तेवढा वेळ हिला कुणीतरी बघा. आणि झोपेत मला कुणी हाक मारू नका."

राणीनं आपल्या हातांनी पलंगावर मऊ चादर घातली. सगुणा आडवी झाली आणि पडल्या पडल्या झोपली.

आणि हौशीला बघायला कोण? राजा, प्रधान, सेनापती, तिघंही. राजा म्हणाला, "आम्ही अख्खं राज्य सांभाळतो, एक पोर काय!"

ऊन कलल्यावर सगुणा उठली आणि अंगणात आली. बघते तर काय, राजा हौदात, पुन्हा पडलेला मुकुट शोधतोय. प्रधानजी झाडावर, त्यांना खाली उतरता येत नाहीये. सेनापती कोठीत, बाहेरून कडी. आतून म्हणतोय, "बाय माझी, लाडू देईन." आणि दारासमोर ढिगानं रचलेल्या राजाच्या गाद्यांवर हौशी उभी. म्हणतेय, "आधी दे!"

सगुणा कमरेवर हात ठेवून हसली. मग तिनं कडी काढली.

मग काय, राणीनं ठरवून टाकलं. आठवड्यातून एक दुपार हौशीनं राजवाड्यात यायचं आणि सगुणेनं झोप काढायची. राघोची होडी न्यायला येणार. राजा, प्रधान आणि सेनापती यांनी आळीपाळीनं पोर सांभाळायची. पोशा म्हणाला, "मीही एक दुपार बघेन की." सगुणा म्हणाली, "बघा. पण गूळ खिशात ठेवून बसा." आणि बामीबायनं पुन्हा कधी पोशाच्या लहानपणाचं काही काढलं नाही. अशी ती सगळी खाडीच्या दोन्ही काठांना आनंदानं नांदली. आता मिटा डोळे. चप्पल उद्या वाळेल.

काय म्हणतेस? घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी काय झालं? बरं, एवढंच सांगते, मग झोपायचं हं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणा उठली, तेव्हा हौशी तिच्या आधीच उठली होती, आणि घरातलं सगळं पीठ शेळीच्या अंगावर होतं.